तारांचा राब

माझा भाऊ जनू मला उघड म्हणतो, "अजून पन्नाशीला टेकली नाहीस आणि आत्मकथन कसलं लिहितेस? ही कामं म्हाताऱ्या मास्तरांची." म्हणू दे. त्याला घरातलं कुठलंच जुनं बोलणं नको असतं, टीव्हीचा आवाज वाढवतो आणि बसतो. पण माझ्याआधी माझं गाव म्हातारं होऊन गेलं, आणि त्याच्यासाठी कोणी दोन ओळी लिहिल्याचं मी तरी पाहिलं नाही. नायगाव स्टेशनात पूर्वेला उतरून खाडीच्या दिशेने चालत गेलं की आज जिथे इमारतींची रांग लागते, तिथे आमची भातखाचरं होती. खाचरांच्या पलीकडे मिठागर आणि मिठागराच्या पलीकडे खाडी. आमचं घर या सगळ्याच्या अलीकडच्या टोकाला, कौलारू, ओटा शेणाने सारवलेला, मागच्या अंगाला गोठा. घरात बाबा, आय, जनू, त्याची बायको सुनंदा, आणि शेंडेफळ मी. मी तेव्हा वसईच्या कॉलेजात नुकती जायला लागले होते आणि मला सगळ्या जगाचं कळतं अशी माझी खात्री होती.

सकाळ व्हायची ती आयच्या तोंडाने. कोंबडा मागाहून आरवायचा. "उठा रं, सूर्य ढुंगनावर आला," ही तिची भूपाळी. चुलीवर तांदळाची भाकरी, तव्यावर सुकट, आणि ओहोटीची वेळ सकाळी असली तर बाबांनी खाडीच्या चिखलातून आणलेली निवटी मासळी, चिंच घालून आंबट केलेली. त्या वासाने गोठ्यातली चंद्रीसुद्धा हंबरायची, असं जनू म्हणायचा. चंद्री आमची म्हैस. तिचं दूध आधी घरात, मग शेजारी, आणि उरलं तर स्टेशनाजवळच्या चहावाल्याला. आय तिच्याशी दिवसभर बोलायची, आमच्याशी बोलायची त्याहून जास्त मऊ. सुनंदा वहिनी नवी होती. लग्नाला वर्ष होत आलेलं, बोलणं कमी, हसणं पुष्कळ. ती चुलीपाशी बसली की आयचा आवाज आपोआप खाली यायचा. आयला सून आवडली होती आणि ते लपवायची अक्कल तिच्यात नव्हती.

राब म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. मी शिकवते त्या शाळेतल्या मुलांना विचारलं, तर एकाने राबडी सांगितली. भाताचं रोप करायचं तर त्या जागेची जमीन आधी भाजून घ्यायची. उन्हाळ्यात त्या तुकड्यावर शेण पसरायचं, त्यावर वाळल्या पानांचा पातेरा, गवत, तूस, वरून मातीचा पातळ थर, आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने आग लावायची. ती भडकता कामा नये, धुमसत धुमसत पुढे सरकली पाहिजे. तण मरतं, किडा मरतो, राख मातीत मिसळते आणि पावसाळ्यात तिथे रोप तरारून येतं. बाबा म्हणत, ज्याचा राब चांगला त्याचं वर्ष चांगलं. राख म्हणजे आमच्या घरात देवाखालोखाल. राखेने भांडी घासायची, राखेत बियाणं ठेवायचं, वांग्यावर कीड पडली तर राख फुंकायची, दात दुखला तरी राखच. राखेने कोणाचं वाईट केल्याचं आमच्या सात पिढ्यांत कोणी ऐकलं नव्हतं.

पण त्या वर्षी राबाला घालायलाच काही नव्हतं. बैलजोडी आधीच विकलेली, त्यामुळे एकट्या चंद्रीचं शेण पुरणार किती? पातेरा गोळा करायला बाया ज्या टेकडीला जात, ती डंपरने पोखरत आणली होती. बाबा रोज त्या उघड्या तुकड्याकडे जाऊन उभे राहत आणि परत येऊन ओट्यावर बसत. चिडले की ते बोलत नसत, नुसती कानात काडी घालत. त्या दिवसांत त्यांचा कान दुखायचा बाकी राहिला होता.

अशात दत्तू आला. दत्तू आयच्या बहिणीचा मुलगा, जनूच्या वयाचा. हायवेपलीकडच्या औद्योगिक वसाहतीत त्याने भंगाराचा गाळा टाकला होता. लोखंड-पत्र्याचं भंगार सगळेच करत, याचं निराळं होतं. मुंबईतल्या ऑफिसांतून जुने कॉम्प्युटर टेम्पो भरभरून यायचे आणि याची माणसं ते फोडून काढायची. मी एकदा त्याच्याकडे डबा पोचवायला गेले होते. गाळ्यात टीव्हीसारख्या काचांची रास, कॉम्प्युटरच्या पोटातल्या हिरव्या पाट्यांची रास, तारांचा तर डोंगर. एक माणूस हातोडीने काचेची मान मोडत होता, आणि प्रत्येक वेळी ती काच फुस्स करून मोठ्ठा श्वास सोडायची. मला ते मजेशीर वाटलं. हे सगळं कुठून येतं म्हणून विचारलं, तर दत्तू हसून म्हणाला, "अगो, ही तर सुरवात हाय. उद्या घराघरात कॉम्पुटर येनार आन् घराघरातना तो माज्याकडं येनार." एवढं एक भविष्य त्याचं तंतोतंत खरं ठरलं.

तारांतलं तांबं काढायचं तर वरचं प्लास्टिक जाळावं लागतं, आणि वसाहतीत धुरावरून बोंबाबोंब सुरू झाली होती. दत्तूला मोकळी जागा हवी होती. तो ओट्यावर मांडी ठोकून बसला, आयच्या हातचा चहा बशीत ओतला आणि म्हणाला, "काका, तुमचा राबाचा तुकडा भाजायचाच हाय ना? मी त्याच्यावर तारा जालतो. तांबं माजं, राख तुमची."

बाबांनी कानातली काडी काढली. "तारंची राख चालते?"

"राख ती राख. शेनाची काय न् तारंची काय!"

आय आतून म्हणाली, "पदरात पडलं न् पवित्र झालं. घ्या." आणि तिथे ठरलं. कोणी कोणाला फसवलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आता लोक गोष्ट ऐकली की आधी खलनायक शोधतात. दत्तू जेवढा अडाणी तेवढेच आम्ही, आणि मी कॉलेजात जाणारी सर्वांत मोठी अडाणी, कारण मला त्या सौद्याचं कौतुक वाटलं होतं.

पहिल्यांदा तारा पेटल्या ती संध्याकाळ मला अजून दिसते. उजेड होता, सूर्य मिठागरावर टेकलेला. दत्तूच्या माणसांनी तारांची भेंडोळी पसरली, वर टायरचे तुकडे टाकले, सोबत काही फुटक्या हिरव्या पाट्याही. आधी काळा धूर उठला, इतका दाट की पलीकडचं मिठागर दिसेना. मग आग धरली आणि ज्योत हिरवी झाली. हिरवी, मधेच निळी. आम्ही आयुष्यात हिरवी आग पाहिली नव्हती. सगळा गाव बांधावर जमला, पोरं टाळ्या पिटायला लागली. वास असा की जीभ कडू पडली आणि दुसऱ्या दिवशीच्या भाकरीलाही तोच वास. चंद्रीने दावं ओढून ओढून मान सोलून घेतली. आमच्या शेजारची म्हातारी तेवढी म्हणाली, "निली-हिरवी आग मानसाची नसते बायांनो," आणि आय तिच्यावर खेकसली, "तुमचं तोंड की काय! चांगल्या कामाला कशाला नाट लावताय?" पुढे आठवडे ते चाललं. दत्तूची माणसं उघडं पडलेलं तांबं झाडून घेऊन जायची आणि मागे काळपट, जड राख राहायची. बाबा ती फावड्याने मातीत ओढायचे. इतका भरघोस राब आमच्या शेताने कधी पाहिला नव्हता.

त्याच सुमारास वहिनीला दिवस गेल्याचं कळलं. घरात आनंदीआनंद. आयने चंद्रीला आधी सांगितलं, मग बाबांना. वहिनीला डोहाळे लागले ते मातीचे. चिंच नको, आंबा नको, भाजलेली माती हवी. आमच्याकडे हे नवीन नव्हतं. राबातली माती भाजून तिची खरपूस ढेपळं होतात, त्यांचा वास पहिल्या सरीसारखा येतो, आणि गरोदर बायका ती चोरून खात. आयनेही जनूच्या वेळी खाल्ली होती, हे ती मिरवून सांगायची. वहिनी लाजली, पण आयनेच पुढाकार घेतला. रोज सकाळी राबावर जाऊन नखाएवढी, बोटाएवढी ढेपळं निवडून आणायची, फुंकर मारून साफ करायची आणि वहिनीच्या पदरात घालायची. "खा गो बाय. शेतकऱ्याचं पोर हाय, शेतच मागनार." वहिनी उंबऱ्यात बसून ती दाताखाली फोडायची. करकर, करकर. डोळे मिटून. तिचा तो चेहरा पाहून आयला जेवल्यासारखं व्हायचं.

मला इथे जरा थांबावंसं वाटतं. प्रेमाने भरवलेल्या घासाबद्दल आपण केवढं बोलतो! माझ्या वर्गातल्या मुलींच्या वह्यांत, लग्नाच्या पत्रिकांत, सगळीकडे आईच्या हातची चव. ते वाचलं की मी पान उलटते. आयच्या हातात नुसतं प्रेम होतं, दुसरं काही नव्हतं. घात झाला तो त्याच हाताने.

आधी चंद्री बिघडली. तिला मोकळं सोडलं की ती सरळ राबाकडे जायची आणि राख चाटत उभी राहायची. खाडीकाठची ढोरं, त्यांना खारट आवडतंच, म्हणून कोणी हाकललं नाही. मग तिने वैरण टाकली. डोळ्यांसमोर हात नेला तरी पापणी हलेना. एका दुपारी मी कॉलेजातून आले, तर गोठ्यातून धप्प धप्प आवाज. चंद्री आपलं कपाळ खांबावर आपटत होती. आपटायची, तसंच दाबून धरायची, दात खायची आणि परत आपटायची. आय तिच्या गळ्याला मिठी मारून रडत होती, "माजी बाय गो, कोनी केलं गो तुला?" कोणी म्हणालं नजर, कोणी म्हणालं पान लागलं, म्हणजे साप डसला. जनू सायकल मारत गेला आणि वसईहून ढोरांच्या डॉक्टरला घेऊन आला.

डॉक्टर तरुण होता, घामाघूम. त्याने चंद्रीचे डोळे पाहिले, जबडा पाहिला आणि विचारलं, "हिने बॅटरी चाटली का? रंगाचा डबा वगैरे?"

"आमच्याकडं कुठली बॅटरी?" बाबा म्हणाले. "राब चाटला फकस्त. राबानं कुठं म्हस मरते?"

"राबात काय जाळलंत?"

बाबांनी कानात काडी घातली. मग जनूने त्याला शेतावर नेलं, मागोमाग मीही गेले. डॉक्टरने वाकून राखेतून अर्धवट जळलेली तार उचलली, हिरव्या पाटीचा एक तुकडा उचलला आणि उलटसुलट करून पाहिला. म्हणाला, "याच्या जोडांत शिसं असतं. तारांच्या प्लास्टिकमध्येही असतं. जाळलं म्हणजे ते जात नाही, राखेत उतरतं. शिसं मेंदूला चढतं. म्हैस वाचायची नाही. दुसरं कोणतं जनावर इथे येऊ देऊ नका." जनावर, असं तो म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत?

आम्ही परत आलो तेव्हा गोठ्यात चंद्री दात खात होती, करकर, करकर. आणि ओट्यावरून तसाच आवाज येत होता. वहिनी उंबऱ्यात बसली होती, पदरात सकाळची ढेपळं, एक गालात. चंद्रीसाठी रडून रडून तिचे डोळे सुजले होते आणि त्या दुःखात ती बिचारी एकामागून एक ढेपूळ तोंडात टाकत होती. जनू जागच्या जागी खिळला. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "वहिनी, थुंक."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"थुंक म्हणते ना! थुंक, वहिनी, थुंक!" मी धावले, तिच्या तोंडात बोट घातलं, पदर झटकला. ढेपळं ओट्यावर सांडली. आय गोठ्यातून बाहेर आली. तिने सांडलेली ढेपळं पाहिली, माझा हात पाहिला, जनूचा चेहरा पाहिला. डॉक्टर कसनुसा झाला होता, त्याने हळू आवाजात विचारलं, "कधीपासून खाताहेत?" आय खाली बसली आणि एक एक ढेपूळ वेचून आपल्या ओच्यात भरायला लागली, जणू ती परत वेचून घेतली की सुनेच्या पोटातलीही परत येणार होती.

चंद्री दुसऱ्या दिवशी गेली. तिला खाडीच्या बांधाजवळ पुरलं. पण तिच्यासाठी रडायला घरात कोणाला सवड नव्हती. वहिनीला वसईच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, तिथून रक्त मुंबईला गेलं, आणि असायला नको तेवढं शिसं त्यात निघालं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. शिसं हाडांत जाऊन बसतं, पोटातलं पोर वाढायला लागलं की आईच्या हाडांतून चुना ओढून घेतं, आणि चुन्याबरोबर हेही जातं. "दूध द्या, अंडी द्या, पालेभाजी द्या, आणि वाट बघा," त्या म्हणाल्या. दूध द्या! ज्या घरातली म्हैस त्याच विषाने गेली, त्या घराला.

वाट बघणं म्हणजे काय, ते त्या पावसाळ्यात मला कळलं. पोटात पोर हललं की वहिनी श्वास रोखायची, आणि हललं नाही की आम्ही सगळे. तिने आयला एका शब्दाने दोष दिला नाही. फक्त त्या दिवसापासून आयच्या हातचं खाणं सोडलं. भांडण नाही, आदळआपट नाही. आय ताट वाढायची, वहिनी म्हणायची, "ठेवा आय, मी घेते," आणि ते ताट जनूकडे सरकवून स्वतःचं स्वतः वाढून घ्यायची. आय ते रोज पाहायची आणि रोज पुन्हा वाढायची. जनू दत्तूच्या गाळ्यावर जाऊन त्याची कॉलर धरून आला. मग एक दिवस दत्तू स्वतःच घरी आला. "मी तर रोज त्या धुरात उभा असतो, मना कुठं काय झालं?" असं म्हणत त्याने बशी उचलली, आणि चहा बशीभर हिंदकळून त्याच्या लेंग्यावर सांडला. त्याचा हात थरथरत होता. त्याने दुसऱ्या हाताने तो धरून ठेवला आणि इकडेतिकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

बाबांनी हट्टाने त्याच राबात बी टाकलं होतं. रोप आलं ते पिवळं, आणि जिथे जिथे तारांची भेंडोळी जळली होती, तिथे तिथे गोल गोल टक्कल. वरून पाहिलं की आग कुठे कुठे लागली होती ते दिसायचं. बाबांनी शेजाऱ्यांकडून उरलंसुरलं रोप मागून आणलं आणि खाली मान घालून लावणी केली. आय मात्र लावणीला आली नाही. ती कुदळ घेऊन राबावर गेली आणि चिखलातून ती काळी माती खणून काढायला लागली. बाबा ओरडले, जनू ओरडला, ती ऐकेना. गोणींत माती भरत गेली. मग प्रश्न आला की या गोणी टाकायच्या कुठे? खाडीत टाकाव्यात, तर निवटी आपणच खातो. बांधापलीकडे टाकाव्यात, तर शेजाऱ्याचं शेत. रस्त्यावर पोरं खेळतात. आय एक गोणी डोक्यावर घेऊन सबंध गाव फिरून आली आणि ती तशीच परत घेऊन आली. शेवटी गोणी रिकाम्या गोठ्यात रचून ठेवल्या, वर पत्रा टाकला. जिथे चंद्री उभी राहायची, तिथेच.

पोर झालं. मुलगा. उशिरा रडला, पण रडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत्ताच काही सांगता येत नाही." आय दाराबाहेरच उभी होती, आत यायला धजेना. वहिनीने विचारलं, "आय कुठं हायत?" आणि पोर तिच्या मांडीवर ठेवायला लावलं. आयने त्याला घेतलं खरं, पण हात चादरीत गुंडाळून घेतलं. आपली बोटं त्याला लागू दिली नाहीत. मंगेश नाव ठेवलं. तो उशिरा बसला, उशिरा चालला, बोलायला तर फारच उशिरा. शाळेत अक्षरं त्याच्याजवळ टिकत नसत. आकडी यायची. हे त्या मातीमुळेच का, असं आम्ही प्रत्येक डॉक्टरला विचारलं आणि प्रत्येकाने सांगितलं की खात्रीने म्हणता येणार नाही. खात्री त्यांच्याकडे राहू दे. वहिनीने सगळा ओटा, अंगण, गोठ्यापर्यंतची वाट, सगळ्यावर लाद्या बसवून घेतल्या. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेलं पोर, त्याच्या पायाला माती म्हणून लागली नाही.

पुढे काय झालं ते सगळ्यांचं झालं तेच. एकेक खाचर गेलं, इमारती आल्या. बाबा गेले, दत्तू त्यांच्याही आधी गेला. आय शेवटी अंथरुणाला खिळली, तेव्हा तिला पेज भरवायची ती वहिनीच. पहिल्या दिवशी आयने तोंड घट्ट मिटून घेतलं. वहिनीने आधी एक चमचा स्वतः पिऊन दाखवला आणि म्हणाली, "घ्या आता." आय रडत रडत प्यायली.

आमची जागा बिल्डरला दिली, त्या बदल्यात तिथेच फ्लॅट मिळाले. आज मी, जनू, वहिनी आणि मंगेश तिथेच राहतो. मंगेश आता बाप्या माणूस झाला आहे. सोसायटीच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी निरोप येतो, जुने मोबाइल, चार्जर, लॅपटॉप, रिमोट आणून द्या. गेटपाशी टेबल मांडतात, हातमोजे घातलेली मुलं-मुली येतात, सगळं मोजून-मापून गाडीत भरतात आणि रीतसर कारखान्याकडे पाठवतात. मी त्यांची टिंगल करणार नाही. हे तेव्हा असतं, तर माझ्या घरात आज निराळे आवाज असते. मंगेशला त्या टेबलापाशी बसायला फार आवडतं. गुंतलेल्या वायरी सोडवून तो त्यांची वेटोळी करतो, आणि वहिनी त्याला आधी हातमोजे घालायला लावते, नंतर कोपरापर्यंत हात धुवायला. पण टेबलावर येतं ते केवढंसं! उरलेलं कुठे जातं? प्रत्येक घराच्या कपाटात मेलेल्या मोबाइलचा एक खण आहे, माझ्याही आहे. कधी कधी संध्याकाळी हायवेच्या बाजूने वारा सुटतो आणि जीभ कडू पडते. मी खिडकी लावून घेते.

मी एकदा त्या टेबलावरच्या मुलीला विचारलं होतं, "माती घेता का?" तिला वाटलं मी थट्टा करते. "नाही हो ताई, ई-कचऱ्यात माती येत नाही." विचारायला मला फार उशीर झाला होता. जुनं घर पाडायला घेतलं, तेव्हा आम्ही वसईला भाड्याने राहायला गेलो होतो. जनूने कंत्राटदाराला चार वेळा बजावलं होतं की गोठ्यातल्या गोणींना हात लावू नका, त्याचं आम्ही बघतो. आम्ही काय बघणार होतो, ते आमचं आम्हालाही माहीत नव्हतं. परत आलो तेव्हा गोठा नव्हता आणि गोणीही नव्हत्या. जनूने सुपरवायझरला गाठलं. तो खूश होऊन म्हणाला, "ती काळी माती ना? एकदम भारी, मुरलेली! वाया कशाला घालवायची? खाली मुलांच्या बागेत टाकली."

कमिटीला आम्ही सांगितलं. अध्यक्षांनी चहा पाजला आणि म्हणाले, एवढ्याशा मातीने काय होतंय, वर लॉन लावतो. लॉन लावलं. घसरगुंडीखाली ते टिकत नाही, तिथे पोरांच्या पायांनी उघडी माती निघते, काळी. म्हणून वहिनी रोज संध्याकाळी खाली जाते. गुडघे दुखतात, तरी जाते. घसरगुंडीपाशी उभी राहते आणि पोरांच्या हातांकडे बघत राहते. नव्या बायका तिला वेडी समजतात, वॉचमन तिला हसतो. जनू बाल्कनीचं दार लावून टीव्ही मोठा करतो.

काल मी तिच्याबरोबर उभी होते. एक दीड-दोन वर्षांची पोर, कुरळ्या केसांची, घसरगुंडीखाली बसली होती. तिने चिमूटभर माती उचलली आणि आम्ही पुढे व्हायच्या आत तोंडात टाकली. वहिनी धावली. या वयात, त्या गुडघ्यांनी. पोरीचा हात धरला, तोंडात बोट घातलं. पोरीची आई फोन कानाला लावूनच आली. "अहो आंटी, हात काढा! थोडी माती खाल्ली तर काय झालं? उलट इम्युनिटी वाढते."

वहिनीने तिच्याकडे पाहिलंही नाही. ती पोरीसमोर जमिनीवर बसली होती, पदराने तिची जीभ पुसत होती आणि हळू आवाजात सांगत होती, "थुंक, बाय. थुंक. थुंक." पोरीची आई माझ्याकडे वळली, मी काहीतरी बोलावं म्हणून. मीही वहिनीशेजारी खाली बसले. पोरीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा आम्हा दोघींकडे, आणि थुंकली. तेव्हाच वहिनीने तिचा हात सोडला.